अकरा खाटांची बखर : मदुरेच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या वृत्तांतांचें परीक्षण

१. रुग्णालयाची वाढ हा इतिहाससंशोधनाचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका ह्या त्रैमासिकाच्या कित्येक वाचकांस येईल. सनदा, महजर, ताम्रपट आणि पोथ्या यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांनीं खाटा आणि औषधें मोजीत कां बसावें, असें ते विचारतील. ह्यास उत्तर असें कीं, खाटा मोजण्याचें काम आपल्या पूर्वजांनींच दगडावर करून ठेविलें आहे. अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलाशासनांत मनुष्यांच्या व पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे, हें सर्वश्रुत आहे. पालार नदीच्या कांठीं तिरुमुक्कूडल येथील मंदिरांत चोल राजा वीरराजेंद्र याचा अकराव्या शतकांतील जो शिलालेख आहे, त्यांत वीरचोल नांवाच्या आतुरशाळेंत पंधरा खाटा असाव्या, एक वैद्य, एक शस्त्रवैद्य, वनस्पति आणून औषधें सिद्ध करणारे सेवक, शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया व एक न्हावी असावा, येथपर्यंत तपशील कोरलेला आहे. तेव्हां विषय नवा नाहीं. आजच्या काळाचीं साधनें मात्र दगडावर नसून कागदावर आहेत, आणि कागद हा दगडापेक्षां फार लवकर नाहींसा होतो.

परंतु ह्या शिलालेखाची एक मर्यादा येथेंच सांगून ठेवणें इष्ट आहे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे. शिलालेख दानाची नोंद करतो; संस्थेच्या आयुष्याची करीत नाहीं. पंधरा खाटा असाव्या हें त्यावरून समजतें. त्या पंधरा खाटांवर किती जण निजले, किती बरे होऊन घरीं गेले, आणि पंधरांच्या सोळा कधीं झाल्या काय, हें समजत नाहीं. संकल्प हा इतिहास नव्हे. ज्यांनीं ज्यांनीं धर्मकृत्यांचा इतिहास लिहिला, त्यांपैकीं बहुतेकांनीं संकल्पालाच इतिहास मानलें. अर्वाचीन काळांतील एका नामांकित रुग्णालयाच्या वृत्तांतांत हाच दोष कितपत उतरला आहे, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतों. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचा जन्म १९१८ सालीं दक्षिण तामिळनाडूंतील वडमलापुरम् ह्या खेड्यांत झाला. मद्रासेस वैद्यकाचें शिक्षण १९४४ मध्यें पुरें करून ते लष्कराच्या वैद्यकीय खात्यांत गेले. परंतु संधिवातानें सांधे वांकडे झाल्यामुळें १९४८ मध्यें त्यांस ती नोकरी सोडावी लागली. पुढें वांकड्या बोटांनीं शस्त्र धरण्याचा अभ्यास करून ते नेत्रवैद्य झाले, व १९५६ पासून मदुरेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभागाचे प्रमुख होते. १९७६ सालीं वयोमानानुसार निवृत्त झाल्यावर त्यांनीं गोवेल ह्या नांवाचा विश्वस्तनिधि स्थापून मदुरेंतील एका घरांत अकरा खाटांचें नेत्ररुग्णालय उघडलें, आणि त्यास श्रीअरविंदांचें नांव दिलें. १९७८ मध्यें सत्तर खाटांचें मोफत रुग्णालय, १९८१ मध्यें शुल्क देणाऱ्यांसाठीं अडीचशें खाटांची इमारत, १९८४ मध्यें पुन्हां साडेतीनशें खाटांचें मोफत रुग्णालय, अशी मदुरेंतल्या मदुरेंत वाढ झाली. त्यानंतर थेनी (१९८५), तिरुनेलवेली (१९८८), कोइमतूर (१९९७) आणि पुदुच्चेरी (२००३) येथें शाखा निघाल्या. २००४ पासून खेड्यांतून लहान लहान दृष्टिकेंद्रें उघडण्यास आरंभ झाला. त्यांची संख्या आतां शंभराहून अधिक आहे. संस्थापक २००६ सालीं निवर्तले; परंतु त्यांच्यामागें वाढ खुंटली नाहीं, चेन्नई व तिरुपति येथेंहि रुग्णालयें उभीं राहिलीं. येथें होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकीं निम्म्याच्या आसपास मोफत किंवा नांवापुरत्या मोबदल्यांत होतात.

३. ह्या वाढीचे जे वृत्तांत प्रसिद्ध आहेत, त्यांपैकीं दोन प्रमुख होत. पहिला, हार्वर्ड येथील व्यापारशास्त्राचे अध्यापक व्ही. कस्तुरी रंगन् यांनीं १९९३ सालीं विद्यार्थ्यांच्या चर्चेसाठीं लिहिलेलें टिपण. आणि दुसरा, पवित्रा मेहता व सुचित्रा शेणॉय यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेला 'इन्फिनिट व्हिजन' हा इंग्रजी ग्रंथ. पहिल्याची दृष्टि व्यवस्थापकाची आहे, दुसऱ्याची श्रद्धावंताची. दुसऱ्या ग्रंथाच्या एक लेखिका संस्थापकांच्याच आप्तवर्गांतील आहेत. ह्या गोष्टीनें ग्रंथाचें मूल्य कमी होतें असें नाहीं. उलट घरचा बखरकार असल्यामुळें संस्थापकांच्या खाजगी दैनंदिनींतील मजकूर त्यांत येऊं शकला, हा मोठाच लाभ झाला. बखर हा शब्द येथें निंदार्थी घेऊं नये. बखरकार खोटें लिहितो असा त्याचा अर्थ नाहीं. तो नायकाच्या भोंवतीं काळ रचतो, एवढाच अर्थ आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं आपल्या साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झडती घेतली, ती ह्याच कारणासाठीं. तीच कसोटी येथें लावावयाची आहे.

ह्या वृत्तांतांवरून, आणि त्यांच्या आधारें जागोजागीं छापल्या गेलेल्या लहानमोठ्या लेखांवरून, जी समजूत रूढ झाली ती अशी : एका निर्लोभ महापुरुषानें अकरा खाटांवर आरंभ केला, घर गहाण पडलें, घरांतील दागिने गेले, अमेरिकेंत मॅकडोनाल्डच्या खाद्यगृहांत एकाच साच्याचा पदार्थ झपाट्यानें तयार होतांना त्यांनीं पाहिला, व तीच रीत शस्त्रक्रियेस लाविली, आणि ह्या दोहोंच्या, म्हणजे त्यागाच्या व झपाट्याच्या, बळावर जगांतील एक अग्रगण्य नेत्ररुग्णालय निर्माण झालें. ह्यांतील प्रत्येक विधानास आधार आहे. तरी पण सर्व मिळून जें चित्र उठतें तें अपुरें आहे, असें आमचें मत आहे.

४. पहिला आक्षेप कालाविषयीं. संस्थेचा जन्म १९७६ चा म्हणावयाचा, तर त्याआधींची वीस वर्षें कोणाच्या खातीं जमा करावयाचीं? १९५६ ते १९७६ ह्या काळांत वेंकटस्वामी सरकारी पगारावर होते. मदुरेच्या सरकारी रुग्णालयांतच त्यांचा हात बसला. तेथूनच त्यांनीं खेडोपाडीं नेत्रशिबिरें भरविलीं. पुढें ज्यांच्या खांद्यावर संस्था उभी राहिली, त्या त्यांच्या भगिनी डॉ. नाच्चियार आणि मेहुणे डॉ. नंपेरुमाळसामी, ह्यांची नेत्रवैद्यकांतील घडणहि त्याच सरकारी महाविद्यालयाशीं जोडलेली आहे. अंकुर दिसला तें वर्ष म्हणजे बीज पेरल्याचें वर्ष नव्हे. अकरा खाटा १९७६ मध्यें मांडल्या गेल्या. परंतु त्या खाटांभोंवतीं उभे राहिलेले वैद्य, त्यांचा अनुभव, आणि खेड्यांतील लोकांचा त्यांवरील विश्वास, हें सर्व भांडवल वीस वर्षांचें होतें, व तें सार्वजनिक पैशानें जमलें होतें. बखरींत हीं वर्षें नायकाच्या तपश्चर्येचा काळ म्हणून येतात. वास्तविक तीं संस्थेच्या इतिहासाचें पहिलें प्रकरण होत.

लहान आरंभाची आवड ही केवळ मदुरेची नाहीं. वेल्लोर येथील प्रसिद्ध रुग्णालयाची कथाहि इडा स्कडर ह्यांच्या १९०० सालच्या एका खाटेपासून सांगितली जाते. आरंभ जितका लहान सांगावा, तितका नायक मोठा दिसतो. म्हणून कथाकार एका खाटेवर प्रेम करतात. संशोधकानें त्या खाटेच्या मागें कोण उभें होतें तें पाहावें.

५. दुसरा आक्षेप कारणाविषयीं. येथें चरकाचा आधार घेतों. सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी, म्हणजे वैद्य, औषधसामग्री, परिचारक आणि स्वतः रुग्ण. चारहि पाद गुणसंपन्न असतील तर रोग हटतो. ह्या चौकटींत रूढ वृत्तांत बसवून पाहिल्यास असें दिसून येतें कीं, तो एकाच पायावर उभा आहे. चारहि पाद क्रमानें तपासूं.

भिषक्. झपाट्यानें पुष्कळ मोतीबिंदू काढणें हें मदुरेचें नवल नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पंजाबांत जालंदर येथें हेन्री स्मिथ हा लष्करी शस्त्रवैद्य, आणि मोगा येथें डॉ. मथुरादास, ह्या दोघांची ख्याति ह्याच गोष्टीविषयीं होती. हजारों लोक त्यांच्याकडे दूरदूरून येत. म्हणजे अमेरिकन खाद्यगृहें निघण्याच्या पूर्वींच ही विद्या आपल्या देशांत होती. परंतु त्या दोघांच्या मागें, त्यांच्या कीर्तीस शोभेल अशी गांवोगांव वाढत जाणारी संस्था उभी राहिली नाहीं. वैद्य श्रेष्ठ असला म्हणजे संस्था वाढते, हा सिद्धांत ह्या एका उदाहरणानें बाधित होतो. मदुरेस एक शस्त्रवैद्य वर्षाकाठीं दोन हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया करतो, आणि इतर ठिकाणीं हा आंकडा कांहीं शेंकड्यांवर राहतो. पण हा फरक वैद्याच्या बोटांतला नाहीं. तो ज्या टेबलावर काम करतो त्याच्या शेजारीं दुसरें टेबल असतें. पहिल्या रुग्णाचा डोळा बांधला जात असतां दुसरा रुग्ण तयार ठेवलेला असतो. हें तयार ठेवणारे हात कोणाचे?

उपस्थाता. ते हात खेड्यांतील मुलींचे आहेत. शाळा संपलेल्या तरुण मुली निवडून त्यांस दोन वर्षें संस्थेंतच शिकविलें जातें. दृष्टि तपासणें, चष्म्याचा नंबर काढणें, शस्त्रें निर्जंतुक करून हातीं देणें, रुग्णास व त्याच्या घरच्यांस समजावून सांगणें, हीं कामें त्या करतात. संस्थेंतील मनुष्यबळाचा सर्वांत मोठा भाग त्यांचाच आहे. वैद्यानें फक्त तेंच करावें जें वैद्यावांचून होत नाहीं, हें ह्या व्यवस्थेचें मूळ सूत्र होय. आपल्याकडे जामखेड येथें १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें गांवच्या स्त्रियांच्या हातीं आरोग्याचें काम दिलें, त्याचीहि आठवण येथें होते. रीति भिन्न, पण ओळखलेलें सत्य एकच. आतां बखरींत ह्या मुलींची प्रशंसा आहे. परंतु प्रशंसा आणि साक्ष यांत अंतर आहे. त्यांनीं ही नोकरी कां पत्करली, त्यांस वेतन काय मिळालें, किती जणी राहिल्या, किती लग्न होऊन किंवा अधिक पगाराच्या जागीं गेल्या, हें त्यांच्याच तोंडून व हजेरीपटावरून लिहिलें गेलें पाहिजे. राघोबाच्या स्वारीचा इतिहास ज्यास लिहावयाचा आहे, तो शिलेदारांच्या हजेरीचे कागद शोधतो. मग ह्या सैन्याची हजेरी कां शोधूं नये?

द्रव्य. चार पादांपैकीं हा पाद वृत्तांतांत उत्तरार्धांत येतो, आणि आमच्या मतें तो अधिक पुढें यावयास पाहिजे. पूर्वीं मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यांत भिंग राहत नसे, म्हणून रुग्णास जाड कांचेचा चष्मा आयुष्यभर लावावा लागे. शेतकऱ्याचा तो चष्मा फुटला किंवा हरवला कीं तो पुन्हां आंधळा. डोळ्याच्या आंतच कृत्रिम भिंग बसविण्याची विद्या आल्यावर ही अडचण गेली, परंतु परदेशीं भिंगाची किंमत शंभर डॉलरांच्या आसपास पडे. परिणामीं पैसेवाल्यास भिंग आणि गरिबास चष्मा, अशी पंक्तिभेदाची स्थिति एकाच छपराखालीं उत्पन्न झाली. १९९२ सालीं संस्थेनें मदुरेंत ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला, आणि भिंगाची किंमत दहा डॉलरांपर्यंत व पुढें त्याहूनहि खालीं आणली. ह्यानंतर मोफत रुग्णासहि तेंच फळ मिळूं लागलें. झपाट्याच्या कथेपेक्षां ही कथा कमी मनोरंजक आहे, पण तिचा परिणाम मोठा आहे. कारण हीं भिंगें पुढें परदेशींहि गेलीं, आणि मदुरा ज्यांनीं पाहिली नाहीं त्यांचेहि डोळे त्यामुळें उघडले.

रोगी. चौथा पाद सर्वांत उपेक्षित. गरीब आंधळा मनुष्य मोफत शस्त्रक्रियेची वाट पाहत बसला आहे, रुग्णालयानें दार उघडलें कीं तो येतो, अशी सर्वसाधारण कल्पना असते. ती चुकीची आहे. आरंभीच्या शिबिरांत डोळे तपासून, मदुरेस या म्हणून सांगितलेले पुष्कळ लोक आलेच नाहींत. शस्त्रक्रिया मोफत होती, परंतु एस.टी.चें भाडें, सोबत येणाऱ्या मुलाची बुडणारी मजुरी, तेथील जेवण, आणि शस्त्राचें भय, हीं मोफत नव्हतीं. म्हणून शिबिराच्या दिवशींच रुग्णांस गाडीनें रुग्णालयांत नेणें, जेवूंखाऊं घालणें, आणि सर्वांस एकदम परत पोंचविणें, अशी व्यवस्था करावी लागली. एकाच गांवचे दहा जण बरोबर असले म्हणजे भय निम्में होतें. दुसरी गोष्ट, शुल्काच्या दालनांत जावयाचें कीं मोफत, हें रुग्ण स्वतः ठरवितो. त्याच्याजवळ दारिद्र्याचा दाखला मागत नाहींत. संस्थेच्या वाढीचें बीज ह्या एका वाक्यांत आहे, असें आम्हांस वाटतें. ज्याच्याजवळ पैसा आहे तो आपखुशीनें पैसे देऊन येथेंच यावा, इतकें काम चोख ठेवल्याशिवाय ही व्यवस्था एक महिनाहि चालणार नाहीं. म्हणजे श्रीमंत रुग्ण हा येथें दाता नसून परीक्षक आहे. तो आला नाहीं कीं मोफतची खाट रिकामी पडेल.

येथें एक आक्षेप येईल कीं, चरकानें स्वतःच चारहि पादांत वैद्यास प्रधान म्हटलें आहे. कुंभार नसेल तर माती आणि चाक व्यर्थ, असा दृष्टांतहि दिला आहे. हें खरें. वेंकटस्वामींवांचून मदुरेची संस्था झाली नसती, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु प्रधान म्हणजे एकमेव नव्हे. कुंभाराचें चरित्र लिहून घडा कसा भाजला हें समजत नाहीं.

६. तिसरा आक्षेप 'ना नफा' आणि 'स्वावलंबी' ह्या दोन शब्दांविषयीं. धर्मादाय रुग्णालय म्हटलें कीं दात्याच्या देणगीवर चालणारें, अशी आपली समजूत असते. मदुरेचें तसें नाहीं. शुल्काच्या दालनांत खर्च वजा जातां शिल्लक उरते. ती कोणी वांटून घेत नाहीं, ती मोफत खाटांकडे व नव्या इमारतींकडे जाते. नफा न घेणें म्हणजे शिल्लक न उरणें नव्हे. किंबहुना शिल्लक नसेल तर वाढ नाहीं. वर सांगितलेला १९७८, १९८१ व १९८४ चा क्रम पाहा : मोफत, शुल्काचें, पुन्हां मोफत. दोन पायांनीं चालणाऱ्या मनुष्याप्रमाणें संस्था एकदां हा, एकदां तो पाय टाकीत गेली.

उलट, संस्थेस बाहेरची मदत मुळींच नव्हती, असें जें कित्येक भाविक लिहितात तेंहि ग्राह्य नाहीं. शिबिरांचा खर्च लायन्स क्लबांनीं व स्थानिक व्यापाऱ्यांनीं उचलला. अमेरिकेंतील सेवा फाउंडेशनचें साह्य भिंगांच्या कारखान्यासारख्या कामांत झालें. आणि अंधत्वनियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखालीं शिबिरांतील शस्त्रक्रियांसाठीं सरकारी अनुदानहि मिळत आलें आहे. खरें सूत्र असें मांडावें लागेल : नित्याचा खर्च रुग्णांच्या शुल्कांतून, आणि नैमित्तिक झेप बाहेरच्या साह्यानें. दोन्ही खातीं वेगवेगळीं ठेवल्यावांचून स्वावलंबन हा शब्द वापरूं नये.

ह्या ठिकाणीं मदुरेच्या शेजारचें, आणि आपल्या मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याचें, एक उदाहरण तुलनेसाठीं घेतों. तंजावरचे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) ह्यांचा धन्वंतरी महाल व सरस्वती महालांतील नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी अभ्यासकांस ठाऊक आहेत. त्याच राजांनीं १८०१ सालीं तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रांत, रामेश्वराच्या वाटेवरील छत्रांचें वर्णन केलें आहे. तेथें सर्व जातींच्या वाटसरूंस अन्न, आजाऱ्यांस औषधोपचार, गरोदर स्त्रियांची व्यवस्था, अशी ती हकीकत आहे. हीं छत्रें इनाम गांवांच्या उत्पन्नावर चालत. १७९९ च्या तहानें मुलूख कंपनीकडे गेला, तेव्हां ते गांव तरी आपल्याकडे राहावे म्हणून राजांस विनवणी करावी लागली. आणि १८५५ मध्यें राज्यच खालसा झाल्यावर ती व्यवस्था परक्या हातीं गेली. तात्पर्य, ज्या धर्मकृत्याचें पोट दात्याच्या सत्तेवर आहे, तें सत्तेबरोबर उपाशी पडतें. मदुरेचें पोट रोज दारांत येणाऱ्या रुग्णांवर आहे. म्हणून संस्थापक गेल्यावरहि तें उपाशी पडलें नाहीं.

मात्र ह्या तुलनेवरून कोणी तंजावरच्या राजवाड्यापासून मदुरेच्या रुग्णालयापर्यंत वंशावळ जोडूं लागेल, तर त्यास वेळींच आंवरलें पाहिजे. दोन्ही ठिकाणीं डोळे, आणि दोन्ही ठिकाणें कावेरी-वैगईच्या प्रदेशांत, एवढ्यावरून परंपरा सिद्ध होत नाहीं. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत लिंगनाशावर शलाकेचा उपचार सांगितला आहे, म्हणून आजचें कृत्रिम भिंग सुश्रुताचें, असें म्हणण्यासारखेंच तें होईल. साम्य हें साम्य म्हणून नोंदावें. नातें सांगावयाचें तर कागद पाहिजे.

७. आतां ह्या सर्व खटाटोपाचें प्रयोजन. मदुरेची बखर वाचून आपल्याकडील अनेक सज्जनांस असें वाटतें कीं, आपल्या जिल्ह्यांतहि असें रुग्णालय व्हावें; आणि ते एखाद्या संताची किंवा एखाद्या धनिकाची वाट पाहत बसतात. बखर त्यांस तेंच शिकविते. खरा इतिहास त्यांस निराळें शिकवील : सरकारी रुग्णालयांतील वीस वर्षांचा अनुभव वाया घालवूं नका, गांवच्या मुलींस शिकवा, महाग वस्तु स्वतः करतां येते काय तें पाहा, रुग्णाच्या भाड्याचा विचार शस्त्रक्रियेच्या आधीं करा, आणि पैसे देणाऱ्यास व न देणाऱ्यास एकच हात, एकच शस्त्र लावा. इतिहास चुकीचा लिहिला गेल्यास त्याचें अनुकरणहि चुकतें, आणि येथें अनुकरण चुकल्याची किंमत कोणाच्या तरी डोळ्यांस द्यावी लागते.

दुसरें प्रयोजन आपल्या सर्व संग्राहकांशीं निगडित आहे. मदुरेच्या संस्थेनें आरंभापासून मोजण्याची संवय ठेविली, म्हणून तिचा इतिहास केव्हां तरी नीट लिहितां येईल. संस्थापकांच्या दैनंदिनी निवडक उताऱ्यांनीं नव्हे, तर समग्र, तारीखवार प्रसिद्ध व्हाव्या. शिबिरांचे तक्ते, हजेरीपट, आणि आरंभींच्या वर्षांच्या जमाखर्चाच्या वह्या यांची सूचि व्हावी. परंतु आपल्या प्रांतांतील रुग्णालयांचें काय? विल्यम वॉनलेस ह्यांनीं १८९४ सालीं मिरजेस उघडलेल्या रुग्णालयानें दक्षिण महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या किती पिढ्या पाहिल्या. संस्थानिकांच्या दरबारांतील कागद आपण रुमालांत बांधून जपतों. त्याच संस्थानांतील रयत ज्या दारांत आजारी होऊन गेली, तेथील वह्या मात्र जागा अडवितात म्हणून रद्दींत घालण्यास कोणासहि दुःख होत नाहीं. दुष्काळांत कोण कोठून आलें, प्लेगांत किती खाटा लागल्या, स्त्रिया केव्हांपासून रुग्णालयांत येऊं लागल्या, कोणत्या गांवचा रस्ता झाल्यावर तेथील रुग्ण वाढले, ह्या प्रश्नांचीं उत्तरें बखरींत नाहींत, दरबारी दफ्तरांतहि थोडींच आहेत. तीं ह्या वह्यांत आहेत.

म्हणून सुचवावेंसें वाटतें तें इतकेंच. ज्या ज्या गांवीं पन्नास वर्षांहून जुनें धर्मादाय रुग्णालय आहे, तेथील आपल्या सभासदांनीं विश्वस्तांस भेटून चार प्रकारचे कागद प्रथम मागावे : रुग्णांच्या आवकजावकीच्या वह्या, वार्षिक हिशेब, नोकरांचे हजेरीपट, आणि औषधखरेदीच्या नोंदी. चरकाचे चार पाद येथेंहि उपयोगीं पडतील. एकेक पादास एकेक वही. रुग्णांचीं नांवें व व्याधि ह्या खाजगी गोष्टी होत. त्या कोणाच्याहि हातीं पडूं नयेत म्हणून अशा वह्या मुदतबंद ठेवाव्या, आणि अभ्यासकास फक्त गांव, वय, तारीख व संख्या उतरून घेऊं द्यावी. वही न मिळाली तर तिचें छायाचित्र घ्यावें. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाचें सचित्र पुस्तक मात्र आग्रहानें मागूं नये. तें न मागतां मिळतें.

तिरुमुक्कूडलच्या दगडावर पंधरा खाटा आहेत आणि निजणारा कोणी नाहीं. मदुरेच्या बखरींत अकरा खाटा आहेत आणि त्यांभोंवतीं एक मोठा पुरुष आहे. पुढच्या संशोधकाच्या हातीं खाटेवर निजणारा, उशाशीं उभी असलेली मुलगी आणि हिशेब लिहिणारा कारकून, हे तिघेहि पडावे अशी इच्छा असेल, तर त्यांचे कागद आजच बांधून ठेविले पाहिजेत.